वरच्या डेअरीतला बॉक्स

"साहेब, ह्यात डिलिव्हर्ड दाखवतंय. मला काय मिळालेलं न्हाय."

काउंटरच्या पलीकडं एक पोरगी उभी होती. ट्रॅक पँट, करकचून बांधलेले केस, उन्हानं रापलेला चेहरा. फोनचा स्क्रीन माझ्याकडं करून तिनं हात लांब केला होता. माझ्या मागच्या खुर्चीत पुण्याहून आलेले एरिया मॅनेजर चहा पीत बसले होते. तीन दिवसांच्या ऑडिटला आले होते ते. ऑडिट म्हणजे आमच्या कामात खोट्या नोंदी कुठं होतात का, ते शोधायचं. त्यामुळं त्या तीन दिवसांत काउंटरवर कुणी तक्रार घेऊन येऊ नये, अशी माझी इच्छा होती. नेमकी ही आली.

मी कोण ते आधी सांगतो. शाहूपुरीत एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचं हब आहे, तिथला मी इनचार्ज. हब म्हणजे नाव मोठं, आहे ते पत्र्याचं गोडाऊनच. पहाटे पुण्याहून ट्रक येतो. आम्ही बॉक्स रूटप्रमाणे वेगळे करतो. रूट म्हणजे एका माणसाच्या वाट्याची गावं किंवा गल्ल्या. तो माणूस बॉक्स घरोघर पोचवतो आणि मशीनवर 'डिलिव्हर्ड' करतो. पण नुसतं तसं करता येत नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवर चार आकडे गेलेले असतात, तो ओटीपी. गिऱ्हाइकानं बॉक्स हातात घ्यायचा, मग ते आकडे सांगायचे, मग मशीन 'डिलिव्हर्ड' म्हणतं. नियम असा आहे. तो चांगला आहे. आम्ही तो पाळत नव्हतो.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ती युक्ती माझीच होती.

मुरगूडच्या पुढची गावं म्हणजे आमच्या हबची डोकेदुखी. घरं लांब लांब, वस्त्या मळ्यात, माणसं दिवसभर रानात. आमचा त्या रूटचा माणूस सर्जेराव एका गावात तीन बॉक्स द्यायला दोन तास घालवायचा. निम्मे बॉक्स परत यायचे. परत आलेल्या प्रत्येक बॉक्समागं पुण्याहून मला एक फोन. मग एकदा सर्जेरावच म्हणाला की, साहेब, माणसं घरात नसली तरी सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला येतातच. मी ते उचललं. बॉक्स गावच्या डेअरीत ठेवायचे. सर्जेराव तिथल्या बाकावर बसून एकेकाला फोन लावणार, पार्सल आलंय म्हणून सांगणार, ओटीपी घेणार आणि पुढच्या गावाला जाणार. संध्याकाळी माणूस दूध घालायला आला की डेअरीचा सेक्रेटरी त्याच्या हातात किटलीबरोबर बॉक्स देणार.

काय सुंदर चाललं होतं सांगू. दोन महिन्यांत आमचा रूट जिल्ह्यात पहिला आला. पुण्याला बोलावून मला काचेची ट्रॉफी दिली. हे कसं जमवलंत, असं स्टेजवर विचारलं, तेव्हा मी 'टीमवर्क' म्हणालो. टाळ्या पडल्या.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. आणि ती मी विसरायला नको होती, कारण मी स्वतः कागल तालुक्यातल्या गावचा. आमच्याकडं बहुतेक गावांत डेअऱ्या दोन असतात. एक ह्या गटाची, एक त्या गटाची. नावं निराळी असतील, पण गावात एकीला वरची म्हणतात आणि दुसरीला खालची. ज्याचं दूध खालच्या डेअरीला, तो वरच्या डेअरीची पायरी चढत नाही. लग्नाची पत्रिका द्यायलासुद्धा चढत नाही. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात दुसऱ्या डेअरीच्या दारात पाय ठेवला नाही, आणि मी युक्ती काढली ती गावाला डेअरी एकच असते असं धरून. शहरात पंधरा वर्षं काढली की माणूस आपल्याच गावात पाहुणा होतो, तसं माझं झालं होतं.

तर ती पोरगी.

तिचं नाव पूनम. गाव मुरगूडच्या पुढचं. गावाचं नाव लिहीत नाही, दोन्ही गट अजून जिवंत आहेत. चार दिवसांपूर्वी तिचं पार्सल 'डिलिव्हर्ड' झालं होतं. मी स्क्रीनवर पाहिलं. बुटांचा जोड, पैसे आधीच भरलेले, सर्जेरावचा रूट, ओटीपी बरोबर. पाहिल्याबरोबर मला कळलं की बॉक्स गावच्या डेअरीत असणार. माझ्या मागं चहाचा घोट घेतल्याचा आवाज झाला.

"ओटीपी तुम्हीच दिला ना?" मी विचारलं.

"व्हय, मीच दिला, पण..."

"मग मिळालं असणार. ओटीपीशिवाय डिलिव्हर्ड होत नाही."

तिचं ते 'पण' मी तिथंच तोडलं. त्याच्या पुढं काय येणार ते मला चांगलं माहीत होतं. फोनवर मागितला, असंच ती म्हणणार होती. आणि ते मॅनेजरच्या कानावर पडलं असतं तर ट्रॉफी राहू दे, खुर्चीसुद्धा गेली असती.

ती गेली नाही. शांतपणे सांगत राहिली. पोलीस भरतीचं तिचं ग्राउंड बारा दिवसांवर आलं होतं. ग्राउंड म्हणजे मैदानी परीक्षा: आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. तिचा पाय पुढं रुंद, साधा बूट करंगळीला चावायचा. कोल्हापुरातल्या दुकानांत रुंद पायाचा जोड मिळाला नाही, दुकानदारानंच ऑनलाइन बघा म्हणून सांगितलं. आता पायात होता त्या जुन्या बुटाचा तळ दोनदा शिवून झाला होता. वयाच्या हिशेबानं ही शेवटची भरती, पुढच्या भरतीला ती बसत नव्हती.

"नवा बूट पायात मुरायला आठवडा तरी लागतो साहेब. आज मिळाला तर हुतंय."

तिनं पाय वर करून दाखवला नाही, पण मी काउंटरवरून वाकून पाहिलंच. डाव्या बुटाला पुढून काळ्या दोऱ्याचे टाके होते.

मॅनेजरनी मागून विचारलं, "व्हेरिफाइड आहे ना? मग आपला काय विषय?" मी हो म्हणालो. मग तिला म्हणालो, "घरात विचारा. कोणीतरी घेऊन ठेवलं असेल. नाहीतर कस्टमर केअरला तक्रार टाका." तिनं रजिस्टरमध्ये नाव, गाव आणि फोन नंबर लिहिला. अक्षर फार वळणदार होतं. ती गेल्यावर मॅनेजर म्हणाले की हल्ली लोक वस्तू घेऊन मिळाली नाही म्हणतात. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत मी गोडाऊनच्या मागं जाऊन सर्जेरावला फोन लावला. तो म्हणाला, "ठेवलाय की डेअरीत. सेक्रेटरीला सांगितलंय, निरोप धाडतो म्हणलाय. नेला असंल एव्हाना." पोरीला बॉक्स डेअरीत ठेवतोय असं सांगितलं होतं का, असं मी विचारलं. त्यावर गावातल्या सगळ्यांना माहीतच आहे, म्हणाला. सर्जेराव वाईट माणूस नव्हे. साठ-साठ बॉक्स घेऊन दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्यानं प्रत्येकाला किती सांगायचं? आणि सगळ्यांना खरंच माहीत होतं, खालच्या गटाची माणसं तर फोनवरच आमचा बॉक्स खालच्या डेअरीत ठेव म्हणून सांगायची. पूनमला नव्हतं, कारण ती तीन वर्षं कोल्हापुरात अकॅडमीच्या खोलीवर राहून तयारी करत होती आणि नुकतीच गावी आली होती. हे मला पुढं कळलं.

रजिस्टरमध्ये तिचा नंबर होता. मी तिला तेव्हाच फोन करून सांगू शकत होतो. पण हबच्या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, आणि मॅनेजर अजून दोन दिवस होते. संध्याकाळी घरून, स्वतःच्या फोनवरून करू, असं ठरवलं. संध्याकाळी मॅनेजरना जेवायला घेऊन गेलो. तांबडा-पांढरा रस्सा त्यांना फार आवडला. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, निरोप गेला असेल, नेला असेल बॉक्स. मनाला हवं ते मन लगेच मानतं.

मॅनेजर गेले आणि सेल लागला. सेल लागला की आमचं हब हब राहत नाही, बाजार समितीचं आवार होतं. दारापर्यंत बॉक्सच बॉक्स. त्या गडबडीत माझ्या स्क्रीनवर एक टिकेट आलं. टिकेट म्हणजे कस्टमर केअरकडं नोंदवलेली तक्रार, ती फिरत फिरत हबला येते आणि तिला चोवीस तासांत उत्तर द्यावं लागतं. 'ग्राहक म्हणते पार्सल मिळाले नाही. पुरावा द्या.' नाव पूनमचं.

मी काय केलं? ओटीपी कधी टाकला ती वेळ लिहिली, सर्जेरावचा कोड लिहिला आणि खाली लिहिलं: ओटीपी घेऊन डिलिव्हर्ड. टिकेट बंद झालं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. त्या मिनिटात मला ती आठवली, टाक्यांचा बूट आठवला, आणि तरीही मी लिहिलं. खरं लिहिलं असतं तर पंधरा गावांच्या डेअऱ्यांची गोष्ट बाहेर आली असती. सर्जेरावची नोकरी गेली असती, माझी तर गेलीच असती. मी सर्जेरावचं नाव आधी लिहितोय, पण तेव्हा माझ्या मनात माझंच आधी होतं.

टिकेट बंद झालं म्हणजे पैसे परत मिळायचा तिचा मार्गही बंद झाला. दुकानाच्या लेखी बूट तिच्या घरात होते.

त्यानंतर साताठ दिवसांनी सर्जेरावची गाडी मुरगूडच्या अलीकडं घसरली. पाय मुरगळला, डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. सेलमध्ये बदली माणूस कुठला मिळणार? दुसऱ्या दिवशी मीच बॅग पाठीला अडकवली आणि त्याच्या रूटवर निघालो. बऱ्याच वर्षांनी मी दुचाकीवरून पार्सल वाटत होतो. ऊसतोड सुरू झालेली, रस्त्यानं ट्रॅक्टर. पहिल्या दोन गावांत डेअरीच्या बाकावर बसून मी सर्जेरावसारखेच फोन लावले. सवय वाईट, हात तिकडंच जातो.

तिसरं गाव पूनमचं. वरची डेअरी देवळाच्या मागं, चार पायऱ्या चढून. सकाळचं दूध आटोपलं होतं, सेक्रेटरी नामदेवराव फरशी धुऊन घेत होते. "या पावणं, सर्जेरावचा पाय कसा हाय?" असं म्हणून त्यांनी चहा सांगितला. मी फॅट मशीनशेजारच्या फळीवर बॉक्स ठेवायला गेलो आणि पेंडीच्या पोत्यावर एक बॉक्स दिसला. वरच्या बाजूला दुधाचे शिंतोडे वाळून पिवळे झालेले. लेबलवरचं नाव अजून वाचता येत होतं, पूनमचं.

मी बॉक्स उचलून नामदेवरावांसमोर धरला.

"हा अजून इथं?"

"मग काय करू?" नामदेवराव फरशीवर पाणी मारता मारता म्हणाले. "दोनदा निरोप धाडला तिच्या बापाला. आला न्हाय. मी काय पोस्टमन हाय?"

घर कुठं आहे, विचारलं. त्यांनी हात केला. डेअरीच्या पायऱ्यांवरून दिसत होतं. मध्ये एक बोळ आणि एक कडुलिंब. मी नंतर पावलं मोजली नाहीत, पण दोनशेच्या वर नसतील. आणि नामदेवरावांनी सहज म्हणून सांगितलं की पोरगी जिद्दीची आहे, रोज पहाटे इथूनच पळत जाते, दुधाच्या रांगेतली माणसं तिला घड्याळ समजतात.

म्हणजे सोळा दिवस ती त्या बॉक्ससमोरून पळत होती. टाके घातलेल्या बुटात.

मी बॉक्स घेऊन पूनमच्या घरी गेलो. तिचे वडील, गावाचे दत्तूमामा, गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. माझ्या हातातला बॉक्स बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. पूनम कुठं आहे, मी विचारलं.

"आज ग्राउंड हाय तिचं. पहाटंच्या यष्टीनं कोल्हापूरला गेली."

म्हणजे मी कोल्हापूरहून निघालो तेव्हा ती कोल्हापुरात पोचत होती. वाटेत कुठंतरी तिची एसटी माझ्या शेजारून गेली असणार. मी तिच्या नंबरवर फोन लावला. बंद होता, ग्राउंडवर फोन आत नेऊ देत नाहीत. आणि लागला असता तरी काय सांगणार होतो? कोरा बूट घालून कुणी आठशे मीटर पळत नाही. वरातीमागून घोडं.

माझ्या बॅगेत अजून वीसेक बॉक्स होते. तरीही मी कट्ट्यावर बसलो. दत्तूमामांनी पाणी आणून दिलं.  मग तेच बोलायला लागले. आठ वर्षांमागं ह्या नामदेवनं भरल्या रांगेत, सगळ्या गावासमोर, ह्याच्या दुधात पाणी आहे म्हणून ओरडून सांगितलं होतं. म्हैस आजारी होती, फॅट लागत नव्हती, म्हणाले. त्या दिवसापासून खालच्या डेअरीला दूध. ती लांब आहे, गुडघे दुखतात, तरी तिकडंच. निरोप आला तेव्हा त्यांनी उलट सांगून पाठवलं होतं की ज्यानं आणलाय त्यानं दारात आणून द्यावा.

मामांचं काय चुकलं? आमच्या वेबसाइटवरही तेच लिहिलंय, घरपोच म्हणून. नियमानं बोलणारा त्या गावात तो एकटाच माणूस होता.

"पूनमला सांगितलं का?" मी विचारलं.

ते म्हशीकडं बघत बसले. "तिनं इचारलं, पार्सल आलं काय म्हणून. आपल्या दारात आलं न्हाय, एवढंच म्हणलो. खरं सांगितलं असतं तर ती उठून तिथं गेली असती. मग ह्यो म्हणला असता, दत्तू पोरीला धाडतोय आता." मग म्हणाले, "मला वाटलं, दोन दिसांत तुमचा माणूस आणून दील."

त्यांनाही वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. नामदेवरावांनाही वाटलं असेल की येईल बाप नाक मुठीत धरून. सगळ्यांना काही ना काही वाटत होतं आणि बॉक्स पेंडीच्या पोत्यावर होता.

मी रूट पुरा करून परत मामांच्या घरी आलो. त्या दिवशी उरलेला एकेक बॉक्स दारात नेऊन दिला. लोकांना नवल वाटलं, डेअरीतच ठेवायचा की, म्हणाले. दिवस मावळायच्या सुमारास पूनमची एसटी आली. मी आणि दत्तूमामा कट्ट्यावर होतो आणि मध्ये बॉक्स. ती बोळातून येताना डावं पाऊल नुसत्या कडेवर टेकवत येत होती. बॉक्स बघून थांबली. आधी माझ्याकडं बघितलं. ओळखलं तिनं.

"कुठं हुता?"

मी तोंड उघडायच्या आत दत्तूमामा म्हणाले, "वरच्या डेअरीत."

"बाबा, तुमास्नी माहीत हुतं?"

"निरोप आलता."

तिनं पाठीवरची सॅक काढली, कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. डाव्या बुटाचा तळ पुढून पार उघडला होता. ग्राउंड कसं झालं, मीच विचारलं, कुणीतरी विचारायला हवं होतं म्हणून. गोळा चांगला गेला, म्हणाली. शंभरही बरं गेलं. आठशेच्या दुसऱ्या राउंडला टाके तुटले, तळ खाली दुमडायला लागला, पाय उचलून टाकावा लागला. रोजच्या वेळेपेक्षा आठ सेकंद उशीर. हे सगळं ती पेपरातली बातमी वाचावी तसं सांगत होती. सांगून झाल्यावर मोजा काढला. करंगळीचं नख काळंनिळं झालं होतं. दत्तूमामा उठले आणि गोठ्यात गेले. 

मग ती म्हणाली, "साहेब, हे परत घ्या आता. मला उपेग न्हाय. पैसं तरी येतील."

रास्तच होतं. मी मशीन काढलं, लेबल स्कॅन केलं. मशीननं लाल अक्षरांत सांगितलं की परत करायची मुदत संपली. मुदत मोजतात ती डिलिव्हर्ड झाल्याच्या तारखेपासून. सर्जेरावनं ज्या दिवशी ओटीपी घेतला त्या दिवसापासून. वस्तू जिच्या हातात आज आली, तिची परत द्यायची मुदत केव्हाच संपून गेली होती. मी तिला मशीन दाखवलं. माझ्या खिशातून पैसे देतो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. ती नको म्हणाली. पुन्हा म्हणालो. मग तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाकीट परत खिशात घातलं.

तेवढ्यावर उठून आलो असतो तर चाललं असतं. तिला बाकीचं कळलंच नसतं. पण त्या कट्ट्यावरून मला उठवेना. मी सांगून टाकलं. त्या दिवशी तू काउंटरवर आलीस तेव्हाच मला कळलं होतं बॉक्स कुठं आहे, म्हणून. मागं मॅनेजर होते, म्हणून बोललो नाही. टिकेटही मीच बंद केलं.

ती रडेल किंवा शिव्या देईल, असं मला वाटलं. कोल्हापूरची पोरगी, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं तळ उघडलेला बूट उचलून बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅनेजरसमोर न्हाय तर न्हाय. मी बाहेर गेल्यावर माझ्या मागं येऊन नुसतं 'वरच्या डेअरीत बघ' म्हणला असता, तरी मी त्याच सांजंला घेऊन आलो असतो." आमच्याकडच्या पोरी आलो-गेलोच म्हणतात. "गट बाबांचा हाय साहेब. मला कुठला गट?"

 मी निघालो तेव्हा बॉक्स कट्ट्यावर तसाच होता, चिकटपट्टीसकट.

यादी लागली ती मी ऑनलाइन बघितली. तिचं नाव मेरिटच्या खाली होतं, फार खाली नव्हे. आठशेचे मार्क पुरे पडले असते तर ती वर असती, हे कळायला फार गणित यावं लागत नाही. मी तिला फोन लावणार होतो. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून लावला नाही. पुढं सर्जेरावकडून कळलं की ती कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागली आहे आणि शिफ्ट संपल्यावर गावातल्या पोरींना पळायला शिकवते. दत्तूमामा आणि ती एकाच घरात राहतात. बोलतात, पण कामापुरतं.

डेअरीची पद्धत मी त्याच आठवड्यात बंद केली आणि पुण्याला सगळं लिहून कळवलं. नोकरी गेली नाही, त्याचंही मला नवल वाटलं. एक लेखी समज मिळाली आणि मॅनेजर फोनवर म्हणाले की हे कळवायची काय गरज होती, टिकेट तर बंद होतं. आमचा रूट पहिल्या नंबरावरून खाली घसरला तो अजून वर आलेला नाही. त्या रूटवर आता दोन माणसं लागतात. सर्जेराव कुरकुरतो, पण दारात जातो. गावातले लोकही कुरकुरतात, कारण डेअरीत त्यांना खरंच सोयीचं होतं. गैरसोय फक्त एकीची झाली होती.

हबमध्ये नवीन माणूस काउंटरवर बसवताना मी त्याला एवढंच सांगतो. गिऱ्हाईक फोन पुढं करून उभं राहिलं की त्याला स्क्रीनवरचं वाचून दाखवू नकोस, ते त्यानं वाचलेलंच असतं. तुला जे माहीत आहे ते सांग.